आतल्या उताराची वाट

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा : दूरध्वनी केंद्रातून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त, सध्या घरकाम, शिक्षण इतिहासाची पदवी, राहणार वनोद्यानाच्या मागच्या फाटकासमोरचं घर, समक्ष हजर राहून सांगते की, माझ्या यजमानांनी आज दुपारी याच ठाण्यात दिलेला जबाब खोटा आहे. तो खोडून काढण्यासाठी मला हा जबाब द्यावा लागतो आहे. लिहून घेणाऱ्या हवालदारांची वाक्यं मला पटेनात, म्हणून त्यांच्या परवानगीने मी तो स्वतःच्या हाताने लिहिते आहे.

माझे यजमान, वय चौऱ्याहत्तर, वनोद्यानातल्या पायवाटा राखण्याचं काम पुष्कळ वर्षं करत होते. बागेत त्यांना सगळे वाटवाले म्हणतात. झाडांची मुळं वर येऊन वाट उचलतात, ती मुळं काढायची किंवा मातीखाली घ्यायची आणि वाट पुन्हा सपाट करायची, असं हे काम आहे. त्यासाठी आमच्याकडे एक छोटा ट्रॅक्टर आहे. त्याला आम्ही बुटका म्हणतो. त्याच्या मागे माती ओढायचं लोखंडी पातं आणि जमीन उकरायचे दाते लावता येतात. तेल बदलणं, गाळणी साफ करणं आणि बुटक्याला शेडमधून फाटकापर्यंत आणणं ही कामं लग्नापासून माझ्याकडे आहेत. फाटकाच्या आत तो मी आजवर कधी चालवला नव्हता. आज सकाळी चालवला.

गेल्या वर्षी डोंगराच्या अंगाने तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे स्वतःच राखलेल्या वाटेवर, यजमान एका मुळाला अडखळून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टर चाला म्हणाले. पण यजमान ओसरीच्या पुढे गेले नाहीत. खिडकीशी खुर्ची घेऊन बागेकडे बघत बसतात. त्यांच्या जागी विभागाने कुणाला नेमलं नाही. मी दोन अर्ज दिले, उत्तर आलं नाही. घरात रोज एकच संभाषण चाले, ते कारण म्हणून इथे नोंदवते.

"अहो, जरा बाहेर पडा."

"वाट खराब झाली असेल."

"जाऊन बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"खराब वाटेवरून बघायला जाऊ कसा?"

या बोलण्याला शेवट नाही हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी वाट नीट करायचं ठरवलं. यजमानांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला शिकवायला घेतलं असतं आणि हिवाळा संपला असता.

आज पहाट होताच मी बुटका बाहेर काढला. मागच्या फाटकाची किल्ली यजमानांच्या कामामुळे आमच्याकडे असते. आधी पालापाचोळा ओढून बाजूला केला. यजमानांचा नियम असा की मनगटापेक्षा जाड मूळ कापायचं नाही, त्यावर माती चढवून वाटेला हलका उंचवटा द्यायचा. तो नियम मी पाळला. बारीक मुळं दोन्ही टोकांना करवतीने कापून साखळीने ओढून काढली. त्यांचा दुसरा नियम असा की साखळी लावण्याआधी मुळाखालची माती हाताने उकरून बघायची. हा नियम मी पहिल्या दोन वळणांवर पाळला. तिसऱ्या वळणावर पाळला नाही. उजाडत आलं होतं, आणि यजमान उठले की आधी चहा लागतो.

त्या वळणावरच्या मुळाने पहारेकऱ्याच्या खोलीकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळाला विळखा घातलेला होता. मूळ ओढलं तेव्हा नळ जमिनीखाली सांध्यातून सुटला. त्या वेळी नळाला पाणी नसतं, त्यामुळे मला काही दिसलं नाही. मी खड्डा बुजवला, पातं फिरवलं आणि घरी आले. यजमान झोपलेले होते, म्हणजे तसे पडलेले होते. चहा वेळेवर झाला.

दहाच्या सुमारास नळाला पाणी आलं आणि सुटलेल्या सांध्यातून वाहत पहारेकऱ्याच्या खोलीत शिरलं. पहारेकरी पुढच्या फाटकावर होता. तो जेवायला खोलीवर आला तेव्हा खाटेखाली पाणी होतं आणि त्याचे बूट दारापर्यंत पोहत आले होते. हे वर्णन त्याचं आहे, त्याने ते इथे ठाण्यात येऊन केलं. त्याचं अंथरूण भिजलं, पिशवीभर पीठ वाया गेलं. ते भरून देण्याची माझी तयारी आहे. त्याचं अंथरूण मी घरी गेल्यावर आमच्या दोरीवर वाळत घालेन आणि रात्रीपुरतं त्याला आमचं देईन.

वनोद्यानाच्या अधीक्षकांनी अज्ञात ट्रॅक्टरचालकाविरुद्ध तक्रार दिली. ठाण्यातले हवालदार चाकांच्या खुणा बघत आमच्या दारी आले तेव्हा मी बुटक्यासाठी नवी गाळणी आणायला बाजारात गेले होते. दार यजमानांनी उघडलं. हवालदारांनी तक्रार वाचून दाखवताच, काही विचारायच्या आत, त्यांनी "मीच चालवला" असं सांगितलं आणि अंगावर कोट चढवून हवालदारांच्या गाडीत बसले. वर्षभरात घराबाहेर पडण्याची त्यांची ही पहिली वेळ. मी परत आले तेव्हा दार उघडं आणि खुर्ची रिकामी होती. समोरच्या शिवणकामवाल्या बाईंनी खिडकीतून सांगितलं, "वहिनी, वाटवाल्यांना पोलीस घेऊन गेले, पण ते खुशीत दिसले." मी हातातली पिशवी न ठेवता ठाण्यात आले.

यजमानांचा जबाब मला वाचायला दिला गेला. त्यात ते म्हणतात की, सकाळी ट्रॅक्टर मी चालवला, त्या वेळी पत्नी झोपलेली होती. उजाडल्यावर मी कधीही झोपलेली नसते, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. हवालदारांनाही संशय आला होता. यजमानांशी झालेलं बोलणं हवालदारांनी मला सांगितलं ते असं :

"काका, ट्रॅक्टरवर चढलात कसे?"

"नेहमीसारखा."

"आत्ता ठाण्याच्या तीन पायऱ्या चढायला दोघांनी धरलं तुम्हाला."

"पायऱ्या वेगळ्या, ट्रॅक्टर वेगळा. ट्रॅक्टर ओळखीचा आहे."

यजमान बाकावर बसले होते. त्यांचं माझं झालेलं बोलणं हवालदारांच्या समोरच झालं, म्हणून तेही लिहिते.

"अहो, हे काय मांडलंय तुम्ही?"

"तू घरी जा. गॅस चालू ठेवून आली असशील."

"मी आजवर कधी गॅस चालू ठेवलाय?"

"नाही. पण तू वळणावर ट्रॅक्टर घालशील असंही मला कधी वाटलं नव्हतं."

"म्हणजे जागे होतात तुम्ही?"

"ऐकू येत होतं सगळं. तिसऱ्या वळणावर पातं फार खाली सोडलंस. इंजिन रडत होतं नुसतं."

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडलो असतो तर तू थांबली असतीस."

हवालदारांनी पाणी आणून दिलं, ते मी घेतलं.

यजमानांनी खोटं का सांगितलं ते मी विचारलं. परवानगीशिवाय आत यंत्र आणणाऱ्याला वनोद्यानात कायमची बंदी, असा नियम आहे. तो अधीक्षकांनी तक्रारीत लिहिला आहे आणि हवालदारांनी तो दारातच वाचून दाखवला होता. यजमान म्हणाले, "मला तसंही कुठे जायचंय? तू रोज सकाळी बागेत फिरायला जातेस. तुझं ते एवढंच तर आहे." माझं म्हणणं असं की बंदी त्यांना लागली तर मी सकाळी जे केलं त्याला काही अर्थ राहत नाही. मला चालायला शहरात रस्ते पुष्कळ आहेत. त्यांना ती एकच वाट चालता येते, आणि तीही चालत नाहीत हा प्रश्न वेगळा, तो पोलिसांच्या कक्षेत येत नाही.

काम कुणी केलं याचा पुरावा वाटेवर आहे. यजमान वाटेला उतार नेहमी बाहेरच्या, म्हणजे दरीच्या बाजूला देतात. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी पडलं की वाहून जातं आणि वाट कोरडी राहते. मी सकाळी पातं उलट तिरकं लावलं. माझी वाट आत, डोंगराच्या अंगाला उतरली आहे. तिच्यावर पाणी साचणार. हे मला घरी आल्यावर, कपबशा विसळताना लक्षात आलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगितलं नाही, आणि आपल्या कामात बोटभर खोट दिसली तर जेवण टाकून परत बागेत गेला, त्याने आज सरकारी कागदावर माझी वाकडी वाट आपली म्हणून लिहून दिली आहे. ती त्यांची नाही. हा जबाब मी मुख्यतः त्यासाठी देते आहे.

इथे जबाब थांबवला होता. पुढचा मजकूर अधीक्षक आल्यानंतरचा आहे.

अधीक्षक या आमच्या मुलीच्या वयाच्या बाई आहेत आणि नव्या आहेत. त्यांनी दोन्ही जबाब वाचले आणि पाण्याची बाटली घेऊन एका हवालदारासह वाट बघायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे बूट चिखलाने भरले होते.

"काका, तिन्ही वळणांवर पाणी ओतून बघितलं. सगळं आत गेलं."

"थोडं बाहेर गेलं असेल," यजमान म्हणाले.

"थेंबही नाही."

"बाटली लहान असेल."

"काका."

यजमानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आपला जबाब मागे घेत असल्याचं तोंडी सांगितलं. तशी नोंद हवालदारांनी वेगळी केली आहे.

अधीक्षक मला म्हणाल्या, "काकू, बंदी तुम्हाला. नियम आहे."

मी म्हटलं, "कबूल. आजपासून?"

"वाट अशी अर्धवट टाकून आजपासून कशी? पाणी साचलं तर दुसरं कुणी पडेल. आधी उतार फिरवून द्या, नळाचा सांधा बसवून द्या. बंदी त्यानंतर लागू."

यजमान म्हणाले, "तिला तो उतार जमायचा नाही. तिथे उभं राहून सांगावं लागतं."

"मग तुम्ही उभे राहा. तुम्ही हजर नसलात तर ट्रॅक्टर आत घ्यायला माझी परवानगी नाही. आणि तिन्ही वळणं एका दिवसात करायची घाई नको."

"ती वळणं माझ्याच्याने महिन्याभरातही व्हायची नाहीत, बाई. रोज थोडं थोडं करावं लागेल. मला सावकाश चालत जावं लागेल."

"चालेल. पण काम संपल्याचं मला तुम्ही कळवायचं. तुमचं समाधान झालं की."

यजमान बाकाखाली वाकून काठी शोधू लागले. काठी त्यांच्या हातातच होती. पहारेकरी दारात उभा होता, तो म्हणाला, "वाटवाले, तुमचं समाधान कधी झालंय?" हवालदार हसले. अधीक्षकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आहे. हवालदारांनी तो मोठ्याने वाचला. मी ऐकला आणि यजमानांनीही ऐकला. उतार आत असला तरी पहिल्या प्रयत्नाच्या मानाने काम बरं आहे, असं वाक्य घालण्याची सूचना यजमानांनी केली. ती मी नाकारली. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे, कुणाच्या दबावाखाली सांगितलेलं नाही, म्हणून सही करते.

जमा केलं : छोट्या ट्रॅक्टरची किल्ली, एक. पंचनामा झाल्यावर परत मिळेल असं सांगितलं.

मिळालं : यजमान, कोट घातलेले. पायऱ्या उतरताना दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.