अठ्ठेचाळीस दिवस

लसावि शिकवताना मी मध्येच थांबते, त्याचं कारण सांगते. साठ साली बेंगळुरूला आई अंथरुणाला खिळली होती. माझा अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, कारखान्यातून दर आठ दिवसांनी सुट्टीला घरी यायचा, नर्स असलेली अक्का, थोरली बहीण, इस्पितळातून दर सहा दिवसांनी. एकदा दोघं एकाच दिवशी आले. ते गेल्यावर आईनं विचारलं, "आता पुन्हा दोघं एकदम कधी गं?"

लसावि काढायचा सोडून मी सरळ गुणाकार केला. "अठ्ठेचाळीस दिवसांनी."

"सरी, बरं. तेवढे दिवस तग धरते."

चोविसाव्या दिवशीच दोघं दारात उभे. आई म्हणाली, "झाले का अठ्ठेचाळीस?"

चूक कबूल करायची लाज वाटली. "हो," म्हटलं.

ती त्यांच्यासोबत पोटभर जेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. खरं बोलले असते तर आणखी चोवीस दिवस राहिली असती, असं मला अजून वाटतं.