मावशीची ओटी

अरे, हे आपल्या घाटंजीकडचंच सांगतो. बोंडअळीनं कापसाच्या पऱ्हाट्या रिकाम्या केल्या त्या वर्षी कॉलेजचे एक सर आले. वेचणीत बायांची कंबर काहून दुखते, ते तपासाले. आमच्या मावशीच्या अंगावर त्यायनं काडेपेटीएवढे सेन्सर बांधले. मावशी हालली का लॅपटॉपवर रेघांची बाई हालते, बापा!

"कापूसच नाई, त वेचू काय?" मावशी म्हणे.

"नुसतं करून दाखवा."

मावशीनं कमरेले ओटी, वेचलेला कापूस टाकाची झोळी, बांधली अन् रिकाम्या पऱ्हाट्या वेचत निंगाली. आम्ही लॅपटॉपकडं पाहून राह्यलो. रेघांची बाई हळूहळू मागं रेलली, पोटाशी ओझं असल्यासारखी जपून चालाले लागली.

सर गडबडले. "मावशी, सेन्सर सरकला का?"

मावशीनं रिकाम्या ओटीखाली दोन्ही हात धरले.

"नाई जी. ओटी भरत आली."