उद्यापनाची रजा

अगं, दमले बाई मी त्या लॅपटॉपपायी. दुसऱ्या दिवशी माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन, आणि सून रेणुका रडकुंडीला आलेली. लॅपटॉपची सिस्टीम अपग्रेड केल्यापासून तिचं सॉफ्टवेअर बिल्डच होईना, म्हणजे तयारच होईना; दरवेळी तीच एरर येऊन अडायचं. संध्याकाळपर्यंत झालं नाही तर उद्याची रजा रद्द, असं साहेबांनी बजावलेलं.

दुपारी ती एकदम ओरडली, "आई, एरर बदलली!"

"म्हणजे सुटलं की!"

"कुठलं सुटतंय? जुनी गेली, नवी आली."

मला तेवढाही आधार वाटला. हात जोडून म्हटलं, "सिद्धरामा, एवढं पार पाड, आणखी सोळा सोमवार धरते."

रेणुकानं स्क्रीनवरची नजरसुद्धा काढली नाही.

"आई, पाया पडते, नका धरू. त्याच्या उद्यापनाला परत रजा मलाच मागावी लागंल की!"