मानाची खुर्ची आणि अंबूचा फोटो

दिगंबरपंत करमरकरांचे पुत्र वामनराव, वामनरावांचे श्रीनिवास, श्रीनिवासांचा मोरेश्वर! मंडळी, नावे ध्यानात ठेवा. मी दोनदा सांगत नसते. पहिल्या तिघांनी गावाची लग्ने, मुंजी आणि शाळांचे सामने कॅमेऱ्यात धरले. चौथा आजच्या आख्यानाचा नायक. आणि प्रश्न हा: दूरच्या माणसाला जवळ ओढून घ्यावे, की आपण उठून त्याच्यापाशी जावे? सोपा वाटला? ऐका तर मग!

दिगंबरपंतांना गावाने एक मान दिला होता. शाळांच्या खो-खो सामन्यांना मंडपात, अध्यक्षांच्या उजव्या हाताला, एक वेताची खुर्ची — छायाचित्रकाराची! करमरकरांनी फोटो काढायचा तो तिथूनच. मैदानाच्या धुळीत उतरायचे नाही. हसता काय? पंगतीत पाट एक जागा खाली सरकला तर तीन दिवस कोण फुगून बसते, ते मला ठाऊक आहे!

तर श्रीनिवासांच्या काळची गोष्ट. चौदा वर्षांची अंबू. काय पोर होती! एका हाताने खांब धरून तिने असा सूर मारला, की पळणारा गडी बाद झाल्याचे गड्यालाच उशिरा कळले. श्रीनिवासांनी खुर्चीतून कळ दाबली. फोटोत आले काय? लांबवर एक धुरकट रेघ. अंबू करमरकरांच्या फोटोच्या दुकानाच्या पायरीवर उभी.

"श्रीनूदादा, माझा फोटो?"

"पुढच्या सामन्यात काढून देतो हो, अंबू. शब्द माझा."

पुढचा सामना! मंडळी, त्या काळी मुलीला पुढचा सामना कुठला? मार्गशीर्षात तिचे लग्न झाले. गावातल्या गावातच दिली, पण मैदान सुटले ते सुटले. श्रीनिवास गेले, तेव्हा लेकाचा हात धरून एवढेच म्हणाले, "मोरू, अंबूचा फोटो राहिला रे."

वर्षे लोटली. अंबूताई अंथरुणाला खिळल्या. आठवण विरत गेली. सुनेलाच आई म्हणू लागल्या. एके दिवशी ती सून मोरेश्वराच्या दारी आली.

"भाऊ, सासूबाई रोज विचारतात, फोटो आला का? कुठला, ते आम्हाला कळत नाही. आमची जुई शाळेकडून खो-खो खेळते. तिचा तरी काढून द्या. डॉक्टर म्हणतात, आता दिवसांचाच प्रश्न आहे."

मोरेश्वराला मात्र फोटो कुठला, ते कळले. तो तडक कोल्हापूरला गेला. खिसा एकाच लेन्सपुरता. दुकानदार इक्बालभाईंनी सारख्याच किमतीच्या दोन समोर ठेवल्या.

"ही नवी. तीनशे मिलिमीटरपर्यंत लांबचं जवळ ओढते, पण टोकाला गेली की डोळा बारीक करते. संध्याकाळी उजेड पुरायचा नाही. ही वापरलेली. दोनशेवर थांबते, वजनाला वरवंटा, अंगावर ओरखडे. पण डोळा सताड उघडा. पोरांच्या खेळाला हीच न्या, साहेब."

"दोनशेने मंडपातून खांब जवळ दिसेल?"

"मंडपातून? उठायचं की हो जरा!"

"आम्ही उठत नसतो. आणि या नवीत हात हलला तरी फोटो सावरतो, असं लिहिलंय."

"हात सावरते, साहेब. पळती पोर नाही सावरत!"

शहाण्याचे ऐकेल तो मानकरी कसला? मोरेश्वराने नवी घेतली. शनिवारी उपान्त्य सामना. ऊन शाळेच्या कौलांमागे गेलेले. खुर्चीत बसून त्याने लेन्स तीनशेपर्यंत ओढली. खांब कसा हाताशी आला! जुईने सूर मारला, ह्याने कळ दाबली...

घरी येऊन पाहिले. खांब स्वच्छ, रेखीव. आणि पोर? धुरकट रेघ! त्याने वडिलांचा जुना फोटो पेटीतून काढला, शेजारी ठेवला. दोन रेघा. मधे सारा जन्म गेलेला, आणि रेघ तीच! खुर्चीही तीच. मंडळी, तो पन्नाशीचा माणूस दोन्ही फोटो मांडीवर घेऊन लहान मुलासारखा रडला.

रविवारी पहाटेची एसटी. इक्बालभाईंनी काही न विचारता दुकान उघडले, लेन्स बदलून दिली, वर काच पुसूनही दिली. एक शब्द टोचून बोलले नाहीत. आपल्याला जमले असते का हो?

संध्याकाळी अंतिम सामना. अध्यक्षांनी हाक मारली, "मोरोपंत, खुर्ची!"

"आज रिकामी राहू द्या, दादा."

पंचांची परवानगी घेऊन तो खांबापाशी, रेषेबाहेर, धुळीत गुडघा टेकून बसला. चारी पिढ्यांतला पहिला करमरकर! जुई झेपावली. खांबावर आवळलेली बोटे, दातांत धरलेला ओठ, हवेत थांबलेली वेणी... सारे आले! अहो, गालावरची मातीसुद्धा आली.

आता सांगा, तुमची खुर्ची कुठली? थोरपणाची? कामाच्या व्यापाची? आई-बाप, लेकरे तुम्ही दुरून जवळ ओढून पाहता. मोबाइलवर रोज दिसतात, म्हणून आपण त्यांच्यापाशी गेलो असे नव्हे! दिसते सगळे; पण त्यांचा चेहरा धुरकट येतो. उजेड आहे तोवर उठा. बाळांनो, उजेड कुणासाठी थांबत नाही.

फोटो लगेच छापून घेऊन मोरेश्वर दिवेलागणीला अंबूताईंच्या उशाशी बसला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. किती वेळ पाहिले! मग त्याच्याकडे वळल्या.

"किती उशीर, श्रीनूदादा."

वडिलांचे नाव ऐकून मोरेश्वर आणखी जवळ सरकला. "हो अंबू. खुर्चीतून उठायला उशीर झाला."

"पण चेहरा आला की रे माझा!"

शेजारी जुई उभी, मळक्या गणवेशात. सगळ्यांना वाटले, पोर आता बोलणार, आजी, ती मी. ती आजीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "हो ना आजी. काय सूर मारलायस!"

तिसऱ्या दिवशी अंबूताई गेल्या. पण त्या संध्याकाळी फोटो छातीशी धरून त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "फिटलं हो दादा. सगळं फिटलं."