बिनतारी मोटारीच्या मागच्या स्प्रिंगा

...आन् तुमी म्हनताय, त्यात घाबरायचं काय! अवो, ट्रकला मी भीत न्हाई. भोरात माझ्या गॅरेजात ट्रक जॅकवर उभा करून त्याच्याखाली डुलकी काढलेला मानूस मी! पर ही मोटार? पायातल्या जोड्याएवढी. आत डायवर न्हाई, तार न्हाई, लांबनं कुनीतरी हातातल्या डबीचा खटका दाबतंय आन् ही आपली पळतीया... भ्या वाटनार न्हाई?

मोटार साहेबरावांची. त्यांचा भाऊ बोटीवर कामाला. त्यानं परदेशातनं दोन आनल्या, एक ह्यांना, एक किकवीच्या मेव्हन्याला, सर्जेरावांना. झालं! मार्गासनीच्या माळावर दाजी-मेव्हन्याची शर्यत लागली. आन् साहेबराव कसे, ठावं हाय ना? ते वरडत न्हाईत. हळू बोलत्यात. वरडनारा परवडला वो! मोटार माझ्या हातावर ठिवली आन् कानाशी म्हनले, "खड्ड्यात मागनं उडती. स्प्रिंगा तेवढ्या बगा. पर जपून, ही मोडली तर दुसरी न्हाई."

म्या ती टोपीत घालून दोन्ही हातांनी छातीशी धरली. ट्रकला मी भीत न्हाई, पर...

घरी आनली, तर आमच्या कारभारनीनं, सगुणानं, पयलं काय करावं? नवी गाडी ना, मागं लिंबू-मिरची बांधली. लिंबू संपल्यालं, म्हनून परसातलं इडलिंबू, ह्ये एवढं! बांधू द्या, गाडीला बांधत्यातच. म्या तिकडं बघितलंसुदिक न्हाई. अंगनात चालवून बघतोय तर उडायचं राहिलं बाजूला, मोटार बुड टेकूनच बसली! मोडल्या का काय माझ्या हातनं? स्प्रिंगखाली एक वायसर घातला, वॉशरची चकती. तरी बसती. आनखी एक घातला. तरी बसती! मी वायसर घालतोय, देवाचं नाव घेतोय, घाम पुसतोय, घालतोय... तवा कुठं बुड उचललं मोटारबाईनं.

शर्यतीच्या दिवशी साहेबरावांनी खटका दाबला आन् मोटार अशी सुटली, सर्जेरावांची पार धुरळ्यात मागं. मी जीव मुठीत धरून उभा. आन् पयल्याच खड्ड्यात दोरा तुटला! इडलिंबू गडगडत एकीकडं, मोटार टोळावानी वर, कोलांट्या खाऊन चाकं आभाळाकडं... तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. अवो, समदे वायसर म्या त्या इडलिंबाच्या वजनाला घातल्याले, वजन गेलं आन् स्प्रिंगा ताठच्या ताठ!

साहेबराव मोटारीकडं गेलेच न्हाईत. इडलिंबू उचललं, धोतराला पुसलं, माझ्याजवळ आले आन् हळू, लई हळू म्हनले, "ह्येच्यामुळं झालं."

मेलो! समजलं ह्यांना. ट्रकला मी भीत न्हाई, पर तवा सर्जेरावांच्या पाठीमागं सरकलो.

"लिंबू गळालं, म्हनून मोटार पडली," साहेबराव म्हनले. "दोऱ्यानं कशाला बांधलं? तारेनं बांधायचं."

आता तुमीच सांगा, ह्यात खोटं काय हाय?

तवापासनं पार पासलीकडनं ट्रकवाले येत्यात माझ्याकडं. कमानीच्या स्प्रिंगा बसवाय न्हाई... सगुणाच्या हातनं लिंबू बांधून घ्यायला. मी आपला तार कापून देतो.