जास्वंदीचं ऊन

जास्वंदीवरून आठवलं. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा आम्ही बोईसरला राहायचो. शेजारी सातपाटीच्या जमनाकाकी. अंगणातली जास्वंद बकऱ्यांनी खाल्ली, म्हणून आईनं दुसरी तेलाच्या डब्यात लावून घरात ठेवली. पण आमच्याकडे ऊनच येईना. पानं पिवळी पडली, कळ्या गळल्या. शेवटी डबा काकींच्या पूर्वेच्या खिडकीत गेला आणि झाड फुललं. काकी रोजचं फूल आपल्या एकवीरेला वाहू लागल्या.

आई तणतणत गेली. "जमनाबाई, झाड माझं. फूल माझ्या गणपतीचं!"

"झाड तुजं, पन ऊन आमच्या खिडकीचं हाय ना? ने की डबा, कोन नाय बोलतो?"

आईनं डबा आणला. कळ्या पुन्हा गळल्या. डबा मुकाट्यानं परत गेला.

मग एका सकाळी बाबा अंघोळ करून, पंचा नेसून देवापुढे उभे राहिले, तर देव्हाऱ्यात गणपतीच नाही! "अगं, देव कुठाय?"

आई चुलीपासून हललीसुद्धा नाही. "काकींकडे. एकवीरेशेजारी बसवलाय, फूल दोघांच्या मध्ये ठेवतो आम्ही. तिकडेच जाऊन पाया पडा. आणि आधी सदरा घाला."