शुक्रवारचे डोळे

नवी केबल. बंद पडदे. शुक्रवार. सानपाड्याला रिक्षाची रांग, माझ्यापुढे दोघं, लॅबबद्दल बोलत.

“हुदा, सर म्हणाले, शुक्रवारची सगळी माणसं प्रयोगातून काढ. नवी केबल लावली, पडदे बंद केले, तरी कॅमेऱ्याला त्यांची नजरच सापडत नाही.”

“दिपेश, कॅमेरा ठीक आहे. ती नमाज पढून येतात, डोळ्यांत सुरमा घालून. सॉफ्टवेअर त्या काळ्या रेघेलाच बाहुली समजतं.”

“मग पुसायला सांग ना!”

“त्या सगळ्या चाचांना? तू सांग. मी दार उघडं धरते, तुला पळायला.”

“नको बाबा.”

“मग सेटिंग बदलू. व्हिडिओ आहेत, नजर पुन्हा शोधता येईल. एकालाही काढणार नाही.”

“आत्ता? रिक्षा आली बघ.”

“बस. लॅबलाच जाऊ.”

रांगेत शिरताना हुदा फोनवर म्हणाली होती, “अब्बा, तुमचंही शुक्रवारचं रेकॉर्डिंग बाद झालंय.”